शनिवार तेल्याचे इंजिन



गेल्या पावसाळ्यात मी घाण्यावर एक लेख लिहीन असे कबूल केले होते. लोद आणि अश्दोदच्या दोन वाचकांनी तेव्हापासून तीनदा आठवण केली आहे. उशीर का झाला ते सांगतो. लेख लिहायला बसलो की आमच्या अंगणातल्या शेडमध्ये एक लोखंडी धूड मला बोलावत असे. शेवटी लक्षात आले की हे दोन विषय वेगळे नाहीतच. म्हणून आज घाणा आणि इंजिन दोन्ही एकाच लेखात.

आधी घाणा. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही आपली परंपरेची गोष्ट सर्वांना पाठ आहे. वाचलेली माणसे कुलाब्याच्या गावागावांत पसरली, गावाच्या नावांवरून आडनावे पडली, आणि पोटासाठी तेल गाळण्याचा धंदा धरला. शेजाऱ्यांनी नाव दिले शनिवार तेली, कारण शनिवारी घाणा बंद. सोमवार तेलीही होते. ते शंकराचा वार म्हणून सोमवारी बैलाला जुंपत नसत. म्हणजे कोकणातल्या माणसाच्या दृष्टीने सगळे तेली सारखेच होते, फरक होता तो सुट्टीच्या वाराचा. आपले पूर्वज हिब्रू विसरले, पुस्तके हरवली. हनुक्कासारखा सण त्यांना ठाऊक नव्हता. तो पुढे बाहेरच्या यहुदी शिक्षकांनी शिकवला. गंमत पाहा, तेलाच्या चमत्काराचा सण आणि नेमके तेल्यांनाच माहीत नव्हता! पण शमा, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शब्बाथ एवढे त्यांनी सोडले नाही. त्यांतला शब्बाथ जगाला दिसत होता, कारण त्या दिवशी बैल गोठ्यात असे.

घाणा पाहिलेला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जमिनीत रोवलेले जाड लाकडाचे उखळ. त्यात तिरकी उभी केलेली लाट. लाटेला बांधलेली आडवी फळी, फळीवर वजनाला दगड किंवा स्वतः तेली, आणि ती फळी ओढत गोल फिरणारा, डोळ्यांवर झापड बांधलेला बैल. उखळात तीळ, खोबरे किंवा करंजाच्या बिया. एक घाणा निघायला साधारण तास-दीड तास. तेल खाली ठिबकते, पेंड उरते, ती गुरांना जाते. करंजाचे तेल दिव्याला आणि औषधाला, तिळाचे आणि खोबऱ्याचे पोटाला आणि डोक्याला. शुक्रवारी संध्याकाळी काचेच्या प्याल्यात पाण्यावर खोबरेल ओतून वात तरंगत ठेवायची, तो शब्बाथचा दिवाही त्याच घाण्यातून उजळे.

आमच्या पणजोबांचा घाणा रेवदंड्याच्या बाजूला होता. हे मला बाबांनी कधीच सांगितले नव्हते, आजीने सांगितले. बाबांना तेली हा शब्द आवडत नसे. मुंबईत शाळेत पोरांनी त्यांना त्यावरून चिडवले होते. मोठेपणी कोणी विचारले की ते म्हणत, "आम्ही लष्करातले लोक." खोटे नव्हते ते. अठराव्या शतकापासून आपली माणसे कंपनीच्या पलटणीत होती. मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर फौजेतले अंमलदार होते. पण अर्धीच गोष्ट सांगणे हीसुद्धा लपवण्याची एक रीत असते.

आता इंजिन.

मी राहतो उत्तर इंग्लंडमधल्या एका खेड्यात. २०२१ च्या नोव्हेंबरात आर्वेन वादळ आले. झाडे तारांवर पडली आणि स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडमधल्या लाखो घरांची वीज गेली. काही घरे आठवड्याहून जास्त काळ अंधारात होती. आमच्याकडे पाच दिवस वीज नव्हती. आई गेल्यापासून बाबा इस्राएलहून येऊन आमच्याजवळच राहतात. वय ऐंशीच्या पुढे, छातीचा त्रास. घर तापवणारा बॉयलर गॅसवर नाही, तेलावर चालतो, पण त्याचा पंप विजेचा. टाकीत तेल भरलेले आणि घर बर्फासारखे! तिसऱ्या रात्री मी बाबांना तीन गोधड्यांत गुंडाळले आणि गाडीत हीटर लावून बसवले. ते म्हणाले, "तेल आहे आणि उजेड नाही, असे आपल्या घरात कधी झाले नव्हते." "आपल्या घरात" हे शब्द त्यांनी कोणत्या घराबद्दल वापरले ते मी विचारले नाही. पण त्या रात्री ठरवले की पुढच्या हिवाळ्याआधी घरची वीज घरी झाली पाहिजे.

बाजारात नवी जनरेटर मिळतात. मलाही तेच घ्यायचे होते. पण शेजारच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात, गवताखाली, एक जुने लिस्टर पडून होते. भंगाराच्या भावात नेशील का, असे त्याने विचारले. बाबांना फोटो दाखवला. ते मुंबईत गिरणीत फिटर होते, पुढे लोदला एका वर्कशॉपात. फोटो पाहून चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "हे तर पिठाच्या गिरणीचे इंजिन!"

बरोबर होते त्यांचे. ज्यांनी कोकणात किंवा देशावर लहानपण काढले आहे त्यांना तो आवाज आठवेल. दोन मोठी चाके, मधे एक उभा सिलिंडर, आणि गावाबाहेरूनही ऐकू येणारी संथ धडधड. ते यंत्र मूळचे इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातले. डर्स्ली गावात रॉबर्ट ॲश्टन लिस्टर यांनी १८६७ साली कारखाना काढला आणि शेतीची अवजारे बनवायला सुरुवात केली. १९२९-३० च्या सुमारास त्यांच्या कंपनीने सी. एस. नावाचे डिझेल इंजिन आणले. सी. एस. म्हणजे कोल्ड स्टार्ट, थंड असतानाच हाताने हँडल मारून सुरू होणारे. एका सिलिंडरचे पाच अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेई. पुढे तेच सहा अश्वशक्तीचे आणि ६५० फेऱ्यांचे झाले. आजच्या छोट्या जनरेटरचे इंजिन ३००० फेरे घेते. जे हळू फिरते ते हळू झिजते, म्हणून ही इंजिने साठ-सत्तर वर्षे चालली. पंपाला, दूध काढायच्या यंत्राला, गिरणीला, गावच्या सिनेमाला, जगभर गेली.

आणि भारतात तर ती घरचीच झाली. साताऱ्याला कूपर यांनी आणि पुण्याला किर्लोस्करांनी डिझेल इंजिने बनवली; किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालची. गुजरातेत राजकोटच्या कारखानदारांनी लिस्टरच्याच नमुन्यावर हजारो इंजिने ओतली. डर्स्लीने ती बनवणे १९८० च्या दशकात थांबवले, राजकोटने थांबवले नाही. माझ्या इंजिनाच्या पिस्टन रिंगा, गॅस्केट आणि इंजेक्टरचे नोझल राजकोटहून आले आणि इंग्लंडच्या लोखंडात अचूक बसले.

काम मात्र सोपे नव्हते. इंजिन तीनशे किलोच्या वर. पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटलेला. हेड काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरचे पातळ तेल ओतून ठेवले. मी रोज लाकडी ठोकळा ठेवून हातोडा मारायचो, बाबा खुर्चीवर बसून म्हणायचे, "जोर नको, वेळ दे." सतराव्या दिवशी पिस्टन केसभर हलला. मी ओरडलो, बाबा हसले. इंजेक्टर एका जुन्या कारागिराकडून तपासून घेतला, कारण फवारा बारीक धुक्यासारखा नसेल तर पुढचे सगळे फुकट. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ते सुके खरवडायचे नाही, ही सूचना कोणी हे काम करणार असेल तर लक्षात ठेवावी. बाबांचे हात आता थरथरतात, पण कान शाबूत आहेत. इंजिन पहिल्यांदा चालले तेव्हा त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक सिलिंडरवर टेकवले, मूठ कानाला लावली आणि सांगितले, "वरचा आवाज व्हॉल्व्हचा. फट कमी कर." केली. आवाज गेला.

आता तेल. डिझेलवर चालवायचे असते तर प्रश्नच नव्हता. पण बाबांनी विचारले, "गोडे तेल चालेल का?" मी हसलो आणि मग वाचत बसलो.

पुष्कळ लोक सांगतात की रुडॉल्फ डिझेल यांनी आपले इंजिन शेंगदाण्याच्या तेलासाठी शोधले. ही दंतकथा आहे. आपल्या समाजाच्या इतिहासात दंतकथा किती घट्ट बसतात हे आपल्याला माहीत आहे, म्हणून दुसऱ्यांच्याही तपासून घ्याव्यात. डिझेल यांचे जर्मन पेटंट १८९३ चे, आउग्सबुर्गला यशस्वी इंजिन १८९७ साली चालले, आणि ते खनिज तेलावर. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मात्र ओटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले. ही कल्पना फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग पिकत होता, तिथे बाहेरून इंधन न नेता काम भागावे हा हेतू. इंजिनात काहीही बदल केला नव्हता आणि ते इतके सुरळीत चालले की फार थोड्या लोकांच्या ते ध्यानात आले, असे डिझेल यांनी स्वतः १९१२ साली नोंदवले आहे. पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून ते नाहीसे झाले. खनिज तेल स्वस्त होते, गोड्या तेलाचा विषय मागे पडला.

म्हणजे शेंगदाण्याचे तेल चालते. पण इंजिनात आणि कढईत फरक आहे. गोडे तेल डिझेलपेक्षा कितीतरी घट्ट, साधारण दहा पट. थंड तेल तसेच दिले तर फवारा नीट उडत नाही, अर्धवट जळते, नोझलवर आणि रिंगांमध्ये काजळीचा चिकट थर बसतो आणि काही महिन्यांत इंजिन परत जाम. उपाय जुनाच आहे, तेल गरम करा. सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापवले की ते पुरेसे पातळ होते. इंजिन थंड ठेवणारे पाणी गरम होतेच, त्याचीच नळी तेलाच्या टाकीतून फिरवली. सुरुवात डिझेलवर करायची, पंधरा-वीस मिनिटांत सगळे तापले की कॉक फिरवून तेलावर घ्यायचे, आणि बंद करण्याआधी दहा मिनिटे पुन्हा डिझेलवर, म्हणजे नळ्यांत आणि इंजेक्टरमध्ये घट्ट तेल राहत नाही. रिकामे, बिनओझ्याचे चालवायचे नाही; त्याने काजळी वाढते.

तेल येते दोन दुकानांतून. एक भारतीय उपाहारगृह, एक मासे आणि बटाट्याचे काप तळणारे. इकडे उत्तरेत ही दुकाने बऱ्याचदा गोमांसाच्या चरबीत तळतात. ती चरबी थंडीत मेणासारखी थिजते आणि इंजिनाला नको असते, म्हणून फक्त वनस्पती तेल घेतो. माझ्या बायकोने विचारलेच, "कोशेर नाही ते, घरात कसे आणता?" खायचे नाही, जाळायचे आहे, आणि घरात आणायचेच नाही. पिंपे शेडमध्ये, भांडी वेगळी, हात धुवूनच दारात पाय. तेवढा नियम आम्ही पाळतो.

वापरलेले तेल पिंपात काही आठवडे निवांत ठेवले की पाणी आणि चुरा तळाशी बसतो. वरचे तेल कापडातून गाळायचे, मग पाच मायक्रॉनच्या फिल्टरमधून. पाणी राहिले आहे का हे पाहायची परीक्षा आजीची आहे. तापलेल्या तव्यावर दोन थेंब टाकायचे. तडतडले तर पाणी आहे, आणखी थांबा. हे मी एका इंग्रज इंजिनवाल्याला दाखवले तर तो म्हणाला, आम्हीही हेच करतो. म्हटले, आमच्याकडे हे खूप जुने आहे.

बाकीचा हिशेब असा. इंजिन ६५० फेऱ्यांचे, वीज बनवणाऱ्या डायनॅमोला ५० हर्ट्झसाठी १५०० फेरे लागतात, म्हणून पट्टा आणि पुल्यांनी वेग सुमारे २.३ पट केला. मिळते साधारण तीन किलोवॉट. पूर्ण ओझ्याला तासाला लिटर-सव्वा लिटर तेल लागते. दिवे किंचित धडधडतात, कारण सिलिंडरमध्ये सेकंदाला पाचेक वेळाच स्फोट होतो. तेलातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा भाग वीज होतो, बाकी उष्णता. ती पाण्यातून बाबांच्या खोलीतल्या रेडिएटरला नेली आहे. धुराची नळी शेडबाहेर, उंच. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. घरची वीज आणि रस्त्यावरची वीज यांच्यामध्ये बदल करणारा स्विच परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवावा. नाहीतर तुमची वीज उलटी तारेत जाते आणि वादळात तार जोडायला चढलेला माणूस मरतो.

आता इतिहासाचा हिशेब. हे काम करताना माझ्या मनात एक वाक्य तयार झाले होते. इंजिनाने आमचा घाणा मारला आणि आता मी त्याच इंजिनाला तेल पाजतो आहे. वाक्य छान आहे, पण खरे नाही. आपली बहुतेक कुटुंबे डिझेल यांचा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून मुंबईच्या वाटेला लागली होती. पलटण, गोदी, पुढे रेल्वे, कचेऱ्या, इस्पितळे, शाळा. घाणा आपण सोडला तो इंजिनाने हाकलले म्हणून नव्हे. मुलांना पगाराची नोकरी मिळत होती म्हणून. जे गावात राहिले त्यांना पहिला धक्का रॉकेलने दिला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते डब्यांतून येऊ लागले. रॉक ऑइल, म्हणजे दगडाचे तेल, त्याचेच आपल्या तोंडी रॉकेल झाले. दिव्याला करंजाचे तेल कोण घेणार मग? त्यानंतर यंत्राच्या तेलगिरण्या आल्या. एक बैल दिवसभर ओढतो ती शक्ती अर्ध्या अश्वशक्तीच्या आसपास असते. माझे हे सहा अश्वशक्तीचे धूड म्हणजे डझनभर बैल, आणि ते दमत नाहीत. शेवटचे घाणे त्यांच्यापुढे टिकणे शक्य नव्हते.

हे मी बाबांना सांगितले. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "मग मी ज्याची लाज धरली तो धंदा कोणी हिसकावला नव्हता. आपणच उतरून आलो होतो. उतरलेल्या जागेची लाज कशाला?" आणि पहिल्यांदाच त्यांनी पणजोबांच्या घाण्याबद्दल बोलायला सुरुवात केली. लाट बाभळीची होती. बैल लंगडायला लागला तेव्हा पणजोबांनी स्वतः खांदा दिला होता. शुक्रवारी दुपारी उखळ पुसून कोरडे करायचे काम लहान मुलांचे असे, आणि त्या बदल्यात तिळाच्या ताज्या पेंडीत गूळ घालून मिळे. हे त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितले होते. ऐंशी वर्षे त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते.

हिवाळ्यात आम्ही इंजिन आठवड्यातून दोनदा चालवतो, बॅटऱ्या भरून ठेवतो. शुक्रवारी दुपारी मी तेल देतो, बाबा खिडकीत बसून सूर्याकडे लक्ष ठेवतात. इथे डिसेंबरात पावणेचारलाच अंधारते. वेळ झाली की काचेवर टकटक करतात. मी डिझेलवर घेतो, दहा मिनिटे थांबतो, मग इंधन बंद करतो. चाके जड, म्हणून ती लगेच थांबत नाहीत. बराच वेळ फिरत राहतात आणि आवाज हळूहळू विरतो. मग आम्ही आत येतो. आईचा काचेचा प्याला टेबलावर असतो. त्यात पाणी, वर खोबरेल, आणि वात.

मागच्या आठवड्यात शेजारचा शेतकरी विचारत होता, "शनिवारी तुमचे इंजिन कधीच ऐकू येत नाही, बिघडले का?" मी उत्तर द्यायच्या आधीच बाबांनी दिले. त्यांना इंग्रजी बेताचे येते. म्हणाले, आम्ही सॅटरडे ऑइलमेन आहोत.

मंडळी, तुमच्याही घरात कोणी आजी-आजोबा असतील ज्यांनी घाण्याच्या, बैलाच्या, तेलाच्या बुधल्याच्या गोष्टी ऐकल्या असतील. कदाचित लाजेने सांगितल्या नसतील. दिमोना असो, लंडन असो, टोरोंटो असो, एकदा त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. गाव कोणते, बिया कोणत्या, बैलाचे नाव काय. लिहून ठेवा. मी पुढच्या लेखासाठी वाट पाहतो आहे.

शब्बाथ शालोम.